कुरडया आणि मदरबोर्ड

गुरुवार, ५ मे १९८८. सकाळचे आठ वाजून दहा मिनिटे. अंधेरीच्या माझ्या घरी टेलिफोन वाजला. पलीकडून, बोरिवलीच्या एका वाण्याच्या दुकानातून, माझी थोरली बहीण बोलत होती. तिने प्रथम माझी प्रकृती विचारली. सकाळी आठ वाजता वाण्याच्या फोनवरून कोणी प्रकृती विचारत नाही हे मला ठाऊक होते, म्हणून मी उत्तर न देता थांबलो.

"अरे, मशीन सुरूच होत नाहीये," ती म्हणाली. "पंखा तेवढा फिरतोय. आणि ते गृहस्थ आज पाचला यायचेत."

ते गृहस्थ म्हणजे एका पंचांगाचे प्रकाशक. त्यांच्या येण्याला महत्त्व का होते हे सांगण्यासाठी माझ्या भावोजींकडे वळावे लागेल.

भावोजींनी तीस वर्षे शाळेत भूगोल शिकवला. निवृत्त झाल्यावर त्यांना पृथ्वी अपुरी वाटू लागली आणि ते ग्रहांकडे वळले. पत्रिका ते पूर्वीही मांडत; पण त्या सुमारास उपनगरांत एक नवी श्रद्धा उदयाला आली होती. हाताने मांडलेली पत्रिका चुकू शकते, संगणकाने छापलेली चुकत नाही, अशी ती श्रद्धा होती. संगणकात जे घालावे तेच बाहेर येते, हे सांगणाऱ्याला गिऱ्हाईक मिळत नसे. भावोजींनी काळाची पावले ओळखून सुटे भाग आणून जुळवलेला एक संगणक घेतला आणि बाहेरच्या खोलीत, देव्हाऱ्याच्या शेजारी, त्याची स्थापना केली.

त्या यंत्राकडून काम करून घेण्याची अक्कल घरात एकाच व्यक्तीला होती. ती माझी भाची. गणितात पदवी घेतलेली, कमी बोलणारी मुलगी. वर्षभर खपून तिने संगणकासाठी ग्रहगणिताचा कार्यक्रम, म्हणजे प्रोग्राम, लिहिला. जन्मवेळ आणि जन्मस्थान दिले की नऊ ग्रहांची स्थिती कलांपर्यंत, म्हणजे अंशाच्या साठाव्या भागापर्यंत, अचूक छापून येई. त्यापुढे भावोजींनी रचलेले फलित येई. त्यात परदेशगमनाचा योग फार उदारपणे वाटला होता.

हे प्रकाशकांच्या कानावर गेले. पुढल्या पंचांगाचे गणित करायला त्यांना माणूस हवा होता. ते प्रत्यक्ष पाहून ठरवणार होते. दरम्यान भाचीला एका बँकेत कारकुनाची नेमणूक मिळाली होती आणि शुक्रवारी, म्हणजे दुसऱ्याच दिवशी, सकाळी दहाला रुजू व्हायचे होते. घरात असे ठरले होते की प्रकाशकांनी काम दिले तर तिने बँकेत जाऊ नये. न दिले तर निमूटपणे जावे. मुलीला बँक नको होती. हे तिने कोणाला सांगितले नव्हते; पण बँकेचा विषय निघाला की ती ताट उचलून आत जाई, आणि तेवढे मला पुरेसे होते.

मी तेव्हा एका कारखान्याच्या संगणक-देखभाल विभागात होतो. नातेवाइकांच्या दृष्टीने याचा अर्थ, विजेवर चालणाऱ्या प्रत्येक वस्तूचे पाप माझ्या माथी, असा होता. मी नैमित्तिक रजेचा अर्ज शेजाऱ्याच्या हाती दिला आणि पेचकस घेऊन निघालो.

बोरिवलीला पोहोचलो तेव्हा भावोजी यंत्रासमोर हात जोडल्यासारखे बसले होते. मी बटण दाबले. पंखा फिरला. पडदा काळा राहिला. सुरू होताना येणारी ती एक शिट्टीही आली नाही. मी भाचीला विचारले की शेवटचे कधी चालले होते. तिने आईकडे पाहिले. आई कुरडयांच्या डब्याचे झाकण लावत होती.

मग सगळे समजले. दोन आठवड्यांपूर्वी वरच्या मजल्यावरच्यांनी, पाणी नसलेल्या वेळी नळ उघडा ठेवून, सहकुटुंब लग्नाला प्रयाण केले होते. पाणी आले, छत गळले आणि धार नेमकी संगणकावर पडली. ज्याच्याकडून यंत्र घेतले होते त्याचा माणूस आला, त्याने मदरबोर्ड सुटा करून निथळत ठेवला, "चांगला खडखडीत वाळू द्या, मग बसवू," असे सांगितले आणि गेला. त्याचे म्हणणे बरोबर होते. तो कोणाला सांगतो आहे एवढेच त्याला ठाऊक नव्हते.

ताईने उभ्या आयुष्यात एकही वाळवण बिघडवलेले नाही. मे महिना होता, गच्ची तिच्याच ताब्यात होती, कुरडया आणि साबुदाण्याच्या पापड्या घातलेल्या होत्या. तिने मदरबोर्ड त्यांच्याच रांगेत ठेवला. रोज सकाळी गच्चीवर नेला, संध्याकाळी खाली आणला, दुपारी बाजू उलटवली आणि मग पुन्हा सुलटी केली. कुरडयांवर कावळ्यांसाठी मलमल अंथरली होती. बोर्डावर नव्हती, कारण तो कावळे खात नाहीत. आठवड्याहून अधिक ऊन दाखवून झाल्यावर, आदल्या संध्याकाळी, त्या माणसाने येऊन बोर्ड पुन्हा बसवला, पंखा फिरलेला पाहिला आणि समाधानाने चहा पिऊन गेला.

मी झाकण उघडले. बोर्ड खरोखर खडखडीत वाळला होता. एका कोपऱ्यात एका जाड चिपेच्या पाठीवर काचेची छोटी गोल खिडकी उघडी पडून माझ्याकडे पाहत होती.

"हिच्यावर चंदेरी कागद होता, तो कुठे गेला?" मी विचारले.

"तो भिजून अर्धा निघाला होता," ताई म्हणाली. "ओल्या फडक्याने पुसून काढला. अर्धवट चिकटलेलं लेबल मला नाही बाई बघवत."

आजच्या वाचकाला थोडे सांगायला हवे. यंत्राला जाग आल्यावर पहिले काम काय करायचे, मेमरी कुठे आहे, किती आहे, कळफलक कुठे आहे, ही प्राथमिक समज एका चिपेत लिहून ठेवलेली असे. तिला आता फर्मवेअर म्हणतात आणि ती माणसे झोपेत असताना त्यांच्या खिशातल्या टेलिफोनवर आपोआप बदलते. सकाळी उठून ती माणसे काय बिघडले ते शोधतात. आमच्या काळी ती बदलण्यासाठी चिप उपटून काढावी लागे, खिडकीतून तिच्यावर अतिनील किरणांचा दिवा धरून जुने पुसावे लागे आणि मग नवे लिहावे लागे. उन्हात ते किरण थोडे असतातच. म्हणूनच त्या खिडकीवर कागद डकवत. ताईने जे केले ते प्रयोगशाळेत वीस मिनिटांत होते. तिने ते पारंपरिक पद्धतीने केले होते.

"माझं काही चुकलं का रे?" तिने विचारले.

"नाही," मी म्हणालो. "ऊन चांगले होते."

भावोजींनी मात्र सूर्य नीच राशीत नसताना असे व्हावे याचे आश्चर्य व्यक्त केले. भाचीने एकच प्रश्न विचारला.

"पुन्हा लिहिता येतं का ते, मामा?"

मी येते म्हणालो. पाचच्या आत का, हे तिने विचारले नाही. चपला घालून ती दारात उभी राहिली.

अंधेरी पूर्वेच्या औद्योगिक वसाहतीत माझ्या ओळखीचे एक गृहस्थ एका गाळ्यात संगणक जुळवत. मूळचे मालवणचे. वडील गिरणीत होते. गिरण्या थंडावल्यावर मुलगा इकडे वळला. त्यांच्याकडे चिपा पुसायची पेटी होती, लिहायचे यंत्र होते आणि स्पष्ट बोलण्याची सवय होती. चिप चंदेरी कागदात गुंडाळून आम्ही साडेअकराला तिथे पोहोचलो. मी हकीकत सांगितली. त्यांनी ती दोनदा सांगायला लावली; दुसऱ्यांदा फक्त आनंदासाठी.

"कुरडयांबरोबर? झकास." त्यांनी चिप उजेडात धरली. "साहेब, ताईंना माझ्याकडे पाठवा ना. लाइट बिल तरी वाचेल."

मग त्यांनी चिप पेटीत ठेवली. उन्हाने अर्धवट पुसले होते. पूर्ण पुसल्याशिवाय नवे लिहिता येत नाही. तेवढ्या वेळात खरी अडचण बाहेर आली. आमच्या बोर्डाच्या चिपेत लिहायच्या मजकुराची नवी आवृत्ती त्यांच्या भागीदाराच्या फ्लॉपीवर होती. फ्लॉपी भागीदाराच्या कपाटात होती, कपाटाची किल्ली भागीदाराच्या करगोट्याला होती आणि भागीदार, मे महिना असल्यामुळे, आंबे खायला गावी गेला होता. मुंबईची निम्मी यंत्रणा मे महिन्यात कोकणात असते. चिपेने वेगळी अपेक्षा करण्याचे कारण नव्हते.

"जुनी आवृत्ती आहे माझ्याकडे," ते म्हणाले. "चालेल. पण जुनीला मोठ्या मेमरीची ओळख नाही. बोर्डावर कितीही मेमरी लावा, ती दोनशे छप्पन्न किलोबाइटच मोजणार. बाकीची आहे हे तिला पटणारच नाही."

"आमच्यावर सहाशे चाळीस आहे," भाची म्हणाली.

"असू दे गं. तिला सांगून उपयोग नाही. माझ्या सासऱ्यांसारखी आहे ती."

भाची हसली नाही. तिने त्यांच्याकडे कागद मागितला आणि स्टुलावर बसून आकडेमोड सुरू केली. चिप लिहून झाली, तपासून झाली, तिच्या खिडकीवर त्यांनी काळी पट्टी चिकटवली, तरी तिचे चाललेच होते. परतीच्या गाडीत तिने कागद माझ्यापुढे धरला. ग्रहगणित, देवनागरी अक्षरांच्या आकृत्या आणि छपाई एवढे दोनशे छप्पन्नात बसत होते. फलित बसत नव्हते. एकट्या फलिताला बाकी सगळ्यांहून अधिक जागा लागत होती. ते फ्लॉपीवरून थोडे थोडे वाचून घेता आले असते. पण त्यासाठी कार्यक्रम नव्याने लिहावा लागला असता, आणि तेवढी सवड नव्हती.

"बाबांना तू सांगशील?" तिने विचारले.

"नाही," मी म्हणालो.

बोरिवलीला पोहोचेपर्यंत दीड वाजून गेला होता. मी चिप बसवायला घेतली तोच भावोजींनी हात आडवा केला. गुरुवारी दीड ते तीन राहुकाळ असतो. त्या वेळात नवे काम सुरू करू नये. मी म्हणालो की काम जुनेच आहे. ते म्हणाले की चिपेत लिहिलेले नवे आहे. ते नवे नसून जुने आहे, हीच तर आमची अडचण, हे त्यांना सांगणे मी टाळले, कारण मग मेमरीचा विषय निघाला असता.

अखेर असे ठरले की यंत्र तीनच्या आत सुरू करायचे नाही, पण उघडून बसायला राहूची हरकत नाही. ताईने मला जेवायला वाढले आणि मग मी मेमरीच्या चिपा एकेक करून उपटल्या. मुंबईच्या दमट हवेत त्यांचे पाय काळे पडतात. उन्हात ठेवल्याने ते काही टळत नाही. भाचीने शाळेतले खोडरबर शोधून काढले. आम्ही दोघांनी पाय घासले. एका ओळीत नऊ चिपा असतात. आठ माहिती सांभाळतात. नववी काहीच सांभाळत नाही, फक्त उरलेल्या आठांनी चूक केली का ते पाहते आणि चूक दिसली की सगळे काम बंद पाडते. गृहनिर्माण सोसायटीच्या कमिटीवर असलेल्या कोणालाही ही व्यवस्था समजेल.

घासता घासता एक गोष्ट ध्यानात आली. एका ओळीतल्या चिपा वेगळ्या कारखान्याच्या होत्या आणि इतरांहून मंद होत्या. भावोजींना विचारले, तेव्हा कळले की ती ओळ त्यांनी स्वतः बाजारातून, शुभ दिवस पाहून आणली होती. वेगाचा आकडा त्यांनी पाहिला नव्हता. दिवस चांगला होता.

सगळ्या चिपा बसवून झाल्या. तीन वाजून पाच मिनिटे झाल्यावर भावोजींनी घड्याळ पाहून मान हलवली. मी बटण दाबले. शिट्टी आली. ताईने पदराने डोळे टिपले. मी मेमरीचे आकडे मोजले जाताना पाहत होतो. मंद ओळीपाशी येऊन मोजणी थांबली आणि पडद्यावर चूक झाल्याची सूचना आली. मी यंत्राच्या पुढच्या भागावरचे वेगाचे बटण दाबून बाहेर आणले, म्हणजे यंत्राला सर्वांत मंद सभासदाच्या चालीने चालायला लावले. दुसऱ्यांदा मोजणी दोनशे छप्पन्नापर्यंत गेली आणि तिथे संपली.

"एवढीच?" भावोजी म्हणाले.

आता सांगणे भाग होते, आणि ते तिनेच सांगितले. उभ्याने, दोन वाक्यांत. फलिताचा भाग काढावा लागेल, गणित चालेल.

फलित भावोजींचे होते. प्रत्येक ग्रहाचे, प्रत्येक स्थानाचे, वर्षभर लिहून काढलेले. मी त्यांची चेष्टा करीत आलो असलो, तरी त्यातले मराठी शुद्ध होते.

"फलित काढलं तर उरलं काय?" त्यांनी विचारले.

"ग्रह, बाबा," ती म्हणाली.

त्यांनी मग हरकत घेतली नाही. परवानगीही दिली नाही. ते गॅलरीत जाऊन उभे राहिले. भाचीने खुर्ची पुढे ओढली आणि फलिताच्या ओळी एकेक करून गाळायला घेतल्या. एक ओळ गाळली की कार्यक्रम दुसरीकडे अडे, तिथली दुरुस्ती केली की तिसरीकडे. मंद चालीमुळे प्रत्येक प्रयत्नाला चहा होईल एवढा वेळ लागे, आणि ताई खरोखर चहा करीत राहिली. पहिली पूर्ण पत्रिका कागदावर उतरली तेव्हा जिन्यात पावले वाजत होती.

प्रकाशक सत्तरीचे होते. मुहूर्ताचे पंचांग छापणारा हा माणूस भावोजींनी काढून दिलेल्या मुहूर्ताच्या वीस मिनिटे आधी आला, कारण त्याची बस लवकर मिळाली. त्यांनी सदऱ्याच्या खिशातून स्वतःची, वडिलांच्या हातची पत्रिका काढली, घडी न उलगडता गुडघ्यावर ठेवली आणि आपली जन्मवेळ सांगितली. गाव मुंबई म्हणाले.

यंत्र कामाला लागले. मंद ओळीच्या कृपेने ते बराच वेळ कामातच राहिले. तेवढ्या वेळात ताईने कुरडया तळून आणल्या. प्रकाशकांनी दोन खाल्ल्या आणि यंदाच्या उन्हाचे कौतुक केले. मी मान डोलावली.

छपाई सुरू झाली. खडखडत कागद बाहेर आला. प्रकाशकांनी चष्मा बदलला, आपल्या पत्रिकेची घडी उलगडली आणि दोन्ही कागदांवर दोन बोटे ठेवून रवीपासून केतूपर्यंत सरकवत नेली. चंद्रापाशी थांबले. पुन्हा पाहिले. भाचीने साडीचा काठ मुठीत धरला होता.

"चंद्रात दोन कलांचा फरक आहे," ते म्हणाले.

"तुमचा जन्म कुठला?" तिने विचारले.

"मुंबई म्हणालो ना."

"जन्म. राहणं नव्हे."

"राजापूर. आईच्या माहेरी."

"मग वेळही राजापूरची असेल. त्या काळी गावाची वेळ वेगळी, मुंबईची वेगळी. मी मुंबईची धरली." तिने स्थान आणि वेळ बदलून पुन्हा आज्ञा दिली. पुन्हा तो वेळ. ताईने पुन्हा कढईकडे धाव घेतली. या खेपेस दोन बोटे चंद्रावरून न थांबता खाली गेली.

"आणि फलित?" प्रकाशकांनी कागद उलटून पाहिला. "यात फलित नाही का?"

भावोजी गॅलरीच्या दारात आले होते. त्यांनी खाकरून सुरुवात केली की फलिताचा फार मोठा भाग आहे, तो आज काही तांत्रिक कारणाने—

"नको हो," प्रकाशक म्हणाले. "फलित लिहिणारे माझ्याकडे ढिगाने येतात. ते काय, कोणीही लिहितो. मला गणित करणारा माणूस मिळत नव्हता." ते भाचीकडे वळले. "पुढल्या वर्षाचे सूर्योदय आणि तिथी. पहिला महिना आधी करून दाखव. बाकीचं नंतर बोलू. जमेल ना?"

"जमेल," ती म्हणाली.

ते गेले. भावोजी आत येऊन माझ्या शेजारी बसले. त्यांच्या चेहऱ्यावर त्या वेळी जे होते त्याचे वर्णन मी करणार नाही; मुलीला मिळालेल्या कामाचा आनंद आणि 'कोणीही लिहितो' हे शब्द एकाच तोंडावर मावायचे होते. थोड्या वेळाने त्यांनी विचारले की भागीदार गावाहून केव्हा परत येतो. मी जूनमध्ये म्हणालो.

"मेमरी वाढली की तुमचं सगळं परत घालू, बाबा," भाची म्हणाली. पाहुण्याला 'पुन्हा या' म्हणतात, त्या सुरात. पण म्हणाली.

ती उद्या बँकेत जाणार नव्हती, आणि न जाणे हेच बँकेला पुरेसे उत्तर आहे, असे तिचे मत पडले. मी म्हणालो की नकार लेखी कळवायचा असतो. तिने तीन ओळी लिहिल्या. भावोजींनी त्यातला एक अनुस्वार दुरुस्त केला, पाकिटावर स्वतःच्या अक्षरात पत्ता घातला आणि तिकीट लावून ते पाकीट, मुलीला न देता, माझ्या हाती दिले.

मी झाकणाचे स्क्रू आवळले, चहा नको म्हणालो आणि निघालो. स्टेशनच्या अलीकडच्या टपालपेटीत पाकीट टाकले. पेटी गच्च भरली होती. पाकीट तोंडाशीच अडकले. मी दोन बोटे आत घालून ते खाली ढकलले.